यंत्र ऐकावे की गाणे?

गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आज अब्जावधी मैलांवर अंतराळात आहे. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात या भैरवीला सुमारे साडेतीन मिनिटे मिळाली. अवघ्या मानवजातीच्या वतीने गावयास तेवढी पुरेशी ठरली. तीच भैरवी घरच्या माणसाला घरी ऐकावयाची, तर लागते किती? रेकॉर्ड वाजविणारे एक यंत्र, एक ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर.

हौशी रसिकाचे मात्र एवढ्यावर भागत नाही. यंदा अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर येतो. त्याच्या तोलाचे म्हणून पुढल्या वर्षी मोठे स्पीकर येतात. मग आणखी एक पेटी, आणि तिच्यासाठी नव्या तारा. अखेर दिवाणखान्याची अशी प्रयोगशाळा होते की, दुपारी वृद्ध आईला बालगंधर्वांचे एखादे पद ऐकावेसे वाटले, तर चिरंजीव कचेरीतून येईपर्यंत तिला वाट पाहावी लागते. कोणती कळ आधी दाबावी हे तिला कळत नाही, आणि काही बिघडेल ही धास्ती निराळीच. गाणे घरी यावे म्हणून यंत्र आणले, आणि गाणेच घराला पारखे झाले! चिरंजीव तरी गाणे कुठे ऐकतात? ते यंत्र ऐकतात. आलाप रंगात आला की नेमके उठून खटका फिरवितात.

शास्त्राचा कौल या धावपळीच्या बाजूने नाही. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली, तरी आवाज अवघा ३ डेसिबेलने चढतो. कानाला तो दुप्पट भासावयास शक्ती सुमारे दहापट लागते. दोन यंत्रांची तुलना करताना ज्याचा आवाज किंचित मोठा, तेच सरस वाटते. दुकानात जाणवलेली सुधारणा कित्येकदा एवढीच असते. आणि जुन्या तबकडीत जे उतरलेच नाही, ते नवे यंत्र कोठून देणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

उलट, ज्यांना फारसा पैसा पडत नाही अशा गोष्टी कानाला चटकन जाणवतात. स्पीकर कोपऱ्यात कोंबला की खर्ज घुमू लागतो. तो भिंतीपासून हातभर पुढे घ्यावा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा. उघड्या फरशीवर सतरंजी अंथरावी, खिडकीला जाड पडदा लावावा.

याचा अर्थ काहीच बदलू नये, असा नव्हे. झिजलेली सुई तबकडीला इजा करते. ती बदललीच पाहिजे. पण ती निगा झाली, हव्यास नव्हे. बिघडले ते दुरुस्त करावे. ज्यावाचून अडत नाही, ते काढून ठेवावे. नवे घेण्यापूर्वी वर्षभर थांबावे, आणि तेवढ्या अवधीत घरातील प्रत्येक रेकॉर्ड एकदा तरी जागचे न उठता ऐकावी.

कसोटी एकच : वृद्ध आईला कोणाला न विचारता गाणे लावता आले पाहिजे. तंबोरा एकदा जुळला की गायक खुंट्या पिळीत बसत नाही. तो षड्ज लावतो.