बॅटचें मर्मस्थान

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील हसनाबादच्या मोकळ्या माळावर असो किंवा मुंबईच्या मोठ्या मैदानावर असो, चेंडूफळी खेळणाऱ्या मुलास एक अनुभव हटकून येतो. एकदां चेंडू बॅटवर असा बसतो कीं, हाताला कांहीं जाणवतही नाहीं आणि चेंडू मात्र सीमेकडे धांवत सुटतो. दुसऱ्या वेळीं तितक्याच जोरानें टोला मारला तरी चेंडू जवळच घुटमळतो आणि मनगटापर्यंत झणझणाट उठतो. लांकूड तेंच, हात तेच, जोरही तोच. मग अंतर पडलें कशानें? जागेनें, हें उत्तर कोणीही देईल. इंग्रजींत त्या जागेस ‘गोड जागा’ म्हणतात. मराठींत तिला मर्मस्थान म्हणणें अधिक शोभेल. परंतु हें मर्मस्थान म्हणजे लांकडांत कायमचा बसविलेला एकच बिंदु होय, ही समजूत मात्र खरी नाहीं. तसेंच, बॅट जितकी जड तितकें तिचें मर्मस्थान मोठें, या समजुतीनें घरोघर मुलांच्या हातीं नको तेवढें ओझें दिलें जातें. म्हणून हा विषय केवळ करमणुकीचा नव्हे.

प्रथम विटीदांडूचा दांडू घ्यावा. तो गुळगुळीत फरशीवर आडवा ठेवून त्याच्या बरोबर मध्यावर टिचकी मारली तर सबंध दांडू सरळ पुढें सरकतो. टिचकी एका टोकाशीं मारली तर तें टोक पुढें जातें आणि दुसरें टोक उलट मागें येतें. या दोहोंच्या दरम्यान टिचकी मारण्याची अशी एक जागा असलीच पाहिजे कीं, जेथें मारलें असतां दूरचें टोक त्या क्षणापुरतें पुढेंही जात नाहीं व मागेंही येत नाहीं. तेथें हात असेल तर त्यास हिसका बसणार नाहीं. या जागेस आघातकेंद्र म्हणतां येईल. सारख्या जाडीच्या दांडूंत तें धरलेल्या टोकापासून दोन-तृतीयांश अंतरावर असतें. दांडू ६० सेंटिमीटर लांब असेल तर ४० सेंटिमीटरांवर.

बॅटची जाडी सर्वत्र सारखी नसते; म्हणून तिचें आघातकेंद्र काढण्यास निराळी युक्ति हवी. ती ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानें १६७३ सालच्या आपल्या लंबकविषयक ग्रंथांत केलेल्या विचारांतून मिळते. बॅट मुठीच्या टोकाशीं सैल टांगून लंबकाप्रमाणें हलकेच झुलवावी आणि जाऊन-येऊन एक अशा दहा येरझारांस किती सेकंद लागतात तें मोजावें. समजा, १६ सेकंद लागले. म्हणजे एका येरझारेस १.६ सेकंद. या संख्येचा वर्ग २.५६, त्यास २५ नें गुणलें कीं ६४ आले. आघातकेंद्र टांगलेल्या टोकापासून सुमारें ६४ सेंटिमीटरांवर आहे, असें समजावें. सेकंदकांट्याचें घड्याळ आणि मोजपट्टी एवढ्या साहित्यावर कोणत्याही शाळेच्या ओसरीवर हा प्रयोग होतो.

येथें विषय संपला असता, जर लांकूड अगदीं ताठ असतें. पण आघात होतांच बॅट धनुष्यासारखी किंचित् वांकते आणि कंप पावूं लागते. हाताला झोंबणारा झणझणाट तो हाच. मात्र कंप पावणाऱ्या दांड्याचे सर्वच भाग हलत नाहींत. कांहीं बिंदु स्थिर राहतात. काष्ठतरंग वाजविणाऱ्यांस हें ठाऊक असतें. त्यांतील पट्ट्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारें २२ टक्के अंतरावर आधारलेल्या असतात, कारण तेथें आधार दिला तरी नाद दबत नाहीं. बॅटलाही असे स्थिर बिंदु असतात. त्यांपैकीं पात्यावरचा बिंदु खालच्या टोकापासून साधारणतः १५ सेंटिमीटरांच्या आसपास येतो. चेंडू तेथें लागला तर हा कंप उठतच नाहीं. चेंडूची जी शक्ति कंपांत वायां गेली असती ती चेंडूपाशींच राहते, आणि हातही निवांत राहतो.

म्हणजे मर्मस्थानें दोन झालीं! त्यांपैकीं खरें कोणतें, हा प्रश्न शास्त्रज्ञांनींही सोडला नाहीं. अमेरिकेंतील प्राध्यापक हॉवर्ड ब्रॉडी यांनीं १९८६ सालीं आणि सिडनीचे रॉड क्रॉस यांनीं १९९८ सालीं बेसबॉलच्या बॅटवर याच विषयाचे निबंध लिहिले. क्रॉस यांना असें आढळलें कीं, हाताला होणारें सुख मुख्यतः कंपाच्या स्थिर बिंदूंशीं निगडित आहे. आघातकेंद्राचें महत्त्व त्या मानानें थोडें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. चेंडू व बॅट यांची गांठ सेकंदाच्या सुमारें एक-सहस्रांश भागापुरतीच पडते. मुठीपर्यंत गेलेला कंप परत येण्यापूर्वींच चेंडू निघून गेलेला असतो. त्यामुळें आघाताच्या क्षणीं मूठ गच्च आवळल्यानें चेंडू अधिक वेगानें जात नाहीं. श्रम मात्र वाढतात.

आतां तिसरा विचार. चेंडू अधिकांत अधिक वेगानें परतावा, ही जागा कोणती? बॅट निश्चल धरून चेंडू नुसता अडवावयाचा असेल तर ती जागा बॅटच्या गुरुत्वमध्याजवळ, म्हणजे बरीच वर असते. पण बॅट फिरविली कीं टोकाकडील भाग अधिक वेगानें फिरतो. आंसापासून ७० सेंटिमीटरांवरचा बिंदु ३५ सेंटिमीटरांवरच्या बिंदूच्या दुप्पट वेगानें जातो. उलट, अगदीं टोकाशीं लागलेल्या चेंडूमागें बॅटचें फारच थोडें वजन उभें राहतें. वेग व वजन यांच्या या ओढाताणींत जागा खालीं सरकते, पण टोकापर्यंत जात नाहीं. तात्पर्य, मर्मस्थान केवळ लांकडांत नसतें. तें लांकूड आणि टोला या दोहोंच्या संयोगांत असतें.

जड बॅटचा प्रश्न येथेंच सुटतो. सांगलीचे विजय हजारे यांनीं १९४८ सालीं अॅडलेडच्या कसोटीच्या दोन डावांत ११६ व १४५ धावा केल्या, तेव्हांच्या बॅटच्या कडा आजच्या मानानें फारच सडपातळ होत्या. डॉन ब्रॅडमन यांची बॅट सव्वादोन पौंडांच्या आसपास होती. सचिन तेंडुलकर यांची तीन पौंडांहून जड. दोघांनींही धावांचे डोंगर रचले. कडा जाड असल्या म्हणजे बाजूस लागलेल्या चेंडूनें बॅट कमी पिरगळते, पातें कमी वांकतें, आणि चुकीस क्षमा मिळण्याचें क्षेत्र वाढतें, हें खरें. म्हणूनच २०१७ सालीं नियम करून कडेस ४० व जाडीस ६७ मिलिमीटरांची मर्यादा घालावी लागली. परंतु हा लाभ बॅट वेळेवर फिरवितां येईल त्यालाच. बारा वर्षांच्या मुलाच्या हातांत प्रौढाची बॅट दिली तर ती उशिरां येते, चेंडू मर्मस्थान चुकवितो, आणि वाढत्या वजनाबरोबर वाढतो तो मनगटाचा ताण.

तेव्हां बॅट घेतांना पालकांनीं एवढें करावें. मूठ दोन बोटांत सैल धरून बॅट लोंबती ठेवावी आणि चेंडूनें पात्यावर टोकापासून वर वर हलकेच ठोकत जावें. जेथें बोटांस कंप जवळजवळ जाणवत नाहीं तेथें खडूनें खूण करावी. नंतर तीच बॅट मुलास एका वरच्या हातानें उचलून कांहीं क्षण समोर आडवी धरण्यास सांगावें. हात थरथरूं लागला तर बॅट कितीही सुबक असो, ती परत ठेवावी. जें लांकूड मुलाच्या हातानें चेंडूपर्यंत वेळेवर पोहोंचतें, त्याचेंच मर्मस्थान त्याच्या उपयोगी पडतें.