उशाशी बसणाऱ्यांसाठी



झाशीत लक्ष्मीतलावाच्या काठी राणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव नेवाळकर यांची छत्री आहे. किल्ला बघायला येणारी आपली मंडळी तिकडे फारशी वळत नाहीत. राणीचा घोडा सगळ्यांना ठाऊक आहे, पण दुखणाईत नवऱ्याच्या घरातली राणी कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. पोटचा मुलगा चार महिन्यांचा होऊन गेलेला, आणि १८५३ मध्ये गंगाधरराव अतिसाराने खंगलेले. २० नोव्हेंबरला त्यांनी दत्तकविधान केलं, ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांच्या हाती त्याचा खलिता दिला, आणि दुसऱ्याच दिवशी ते गेले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक मानलं नाही, संस्थान गेलं. पण कंपनीशी भांडताना राणीच्या हाती नवऱ्याचा लेखी शब्द तरी होता.

आपल्याकडे काय होतं? ‘कशाला अभद्र बोलायचं’ म्हणून सगळे गप्प. बँकेचं खातं कुठलं, विम्याचे कागद कुठे, शेवटी अतिदक्षता विभागात जायचं की घरीच राहायचं, हे माणूस धड बोलू शकतो तोवर त्यालाच विचारा. विचारल्याने कुणी लवकर जात नाही.

आता रोजचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. टाचा, माकडहाड, खुब्याची हाडं रोज उजेडात बघा. कातडी लाल दिसली तर चोळू नका. तिथला भार काढा आणि डॉक्टरांना दाखवा. झाशीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. गादी भिजू नये म्हणून घातलेल्या प्लॅस्टिकवर घाम साचतो आणि तिथेच जखम धरते, तेव्हा वर जाड सुती चादर हवीच. भरवताना बसतं करा, जेवणानंतर अर्धा तास तसंच ठेवा. गुंगीत असलेल्याच्या तोंडात चमच्याने पाणी घालू नका, मग ते तीर्थ का असेना. ते श्वासनलिकेत जातं.

औषधांची एक वही करा: कधी दिलं, किती दिलं, ताप किती. ग्वाल्हेरला किंवा दिल्लीला न्यायची वेळ आली की हीच वही पिशवीत सगळ्यात वर ठेवा. कर्करुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वेभाड्यात सवलत आहे, सोबत्यालाही आहे. तिकीट काढण्याआधी रुग्णालयाकडून दाखला घ्या.

आणि तुमचं स्वतःचं काय? बहुतेक घरांत हे काम सुनेच्या नाहीतर बायकोच्या गळ्यात पडतं, आणि बाकीचे तिचं कौतुक करतात. कौतुकाने झोप भरून निघत नाही. भेटायला आलेले पाहुणे निघताना म्हणतात, ‘काही लागलं तर सांगा हं.’ सांगा! ‘मंगळवारी दुपारी दोन ते पाच इथे बसा, मला झोपायचंय,’ असं वार आणि वेळ लावून सांगा. चिडचिड होते, कधी ‘सुटले तर बरं’ असंही मनात येतं. ते थकव्याचं बोलणं आहे, त्याला पाप समजू नका. मन फारच दाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक सरकारने मोफत ठेवला आहे, रात्रीसुद्धा चालतो.

आणि ज्यांच्या घरी सध्या कुणी आजारी नाही, त्यांना एवढंच: शेजारच्या आजाऱ्याच्या घरी फळं नेऊ नका. जेवणाचा डबा घेऊन जा आणि दोन तास बसा.