वाङ्मयाचा शोध घरापासून



वाङ्मयावरचा प्रकल्प म्हटला की आपल्याकडे गाइड उघडले जाते. वह्या तपासताना एकच मजकूर मी निरनिराळ्या अक्षरांत वाचतो. गेल्या वर्षी एका मुलीने मात्र दादीकडून ऐकलेली हळदीची गाणी लिहून आणली. "सर, भाषा शुद्ध नाही, चालेल का?" तिने भीत भीत विचारले. मी म्हणालो, "बेटा, हेच तर वाङ्मय!"

मराठी वाङ्मय परक्यांचे आहे असे समजू नका. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. माणसाची खरी लढाई स्वतःच्या विकारांशी असते, हा त्याचा विषय. महानुभाव वाङ्मयाचे संशोधक डॉ. यू. म. पठाण १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

तेव्हा मुलांनो, सुट्टीत वही घेऊन दादी-नानीजवळ बसा. गाणे, म्हण, कहाणी जशी ऐकाल तशीच लिहा. दुरुस्त करू नका. कोणी, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी म्हटली, तेही नोंदवा. मग सासर-माहेर, शेती, खाडी, दुआ त्यांत कोठे कोठे येतात ते पाहा. हेच संशोधन.

आणि पालकहो, घरची बोली गावठी म्हणून मुलांना गप्प करू नका. त्या मुलीची दादी रमजाननंतर अल्लाला प्यारी झाली. वहीत उतरली तेवढी गाणी राहिली. बाकीची आता पनवेलच्या त्या घरात कोणालाच येत नाहीत.