थकलेल्या पेशींची हाक



श्रावणातील शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी पायी निघणाऱ्या भाविकांची रीघ लागते. सुमारे २५ किलोमीटरच्या या वाटचालीत चालणाऱ्याचे स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या फारशा मदतीविना वापरू लागतात. तेवढा वेळ स्वादुपिंडाला विसावा मिळतो. या विसाव्याचे मोल कळण्यासाठी स्वादुपिंडाचे कार्य जाणून घेणे आवश्यक आहे.

१८६९ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल लँगरहान्स यांना स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे आढळली. या बेटांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. जेवणानंतर रक्तातील साखर बीटा पेशीत शिरते, तिच्या ज्वलनातून ऊर्जा निर्माण होते आणि त्या ऊर्जेच्या इशाऱ्याने पोटॅशियमची दारे बंद होतात. मग कॅल्शियम आत येते व साठवलेले इन्सुलिन रक्तात सोडले जाते. निरोगी माणसात पहिला लोट अवघ्या दहा मिनिटांत येतो.

मधुमेहाच्या वाटेवर प्रथम हरवतो तो हा पहिला लोट. शरीरातील मेद वाढला की इन्सुलिनचा प्रभाव ओसरतो. ती उणीव भरून काढण्यासाठी बीटा पेशी अधिक राबतात. सततची जादा साखर आणि मेद यांच्या माऱ्याने त्या थकतात. काही नष्ट होतात, तर काही जिवंत राहूनही आपले काम विसरतात. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाच्या अनुमानानुसार, निदान होते तेव्हा या पेशींची निम्मी कार्यशक्ती गेलेली असते.

महाराष्ट्राला हा प्रश्न विशेष जवळचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो भरले. वजन कमी असूनही येथील बालकांच्या अंगी मेदाचे प्रमाण मात्र तुलनेने अधिक होते. म्हणजे कृश दिसणारी व्यक्तीही या रोगापासून सुरक्षित असतेच असे नाही आणि प्रतिबंधाचा आरंभ मातेच्या आहारापासूनच व्हावयास हवा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तरीही निराशेचे कारण नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, अल्पकाळापूर्वी मधुमेह जडलेल्या व वैद्यकीय देखरेखीखाली वजन घटवलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांची साखर वर्षभरानंतर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. थकलेल्या पेशी वेळीच विसावा मिळाल्यास पुन्हा कामाला लागू शकतात.

शासकीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील व्यक्तींची रक्तशर्करा तपासली जाते. उपाशीपोटी ती १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास डॉक्टरांकडून पुन्हा खात्री करून घ्यावी. चालू असलेले औषध मनाने बंद करू नये. श्रावणातील शनिवारची पायवाट रोजच्या फेरफटक्यात उतरली, तर या मूक पेशींची हाक वेळेवर ऐकली गेली असे म्हणता येईल.