झिजलेल्या नळाची बाही

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



उत्सवप्रसंगी नळांच्या डागडुजीवर भाषण, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु धातू झिजतो, हे जयपूर नगरीला नव्याने सांगावयास नको. पितळी वेधयंत्रांचे आस झिजतात व केंद्रे ढळतात, म्हणून सवाई जयसिंहांनी दगडचुन्याची यंत्रे उभारली. त्यांच्या पदरचे ज्योतिर्विद जगन्नाथ सम्राट हे तर महाराष्ट्रीयच. दाबाखालील नळ मात्र दगडाचे करता येत नाहीत. ते झिजले की त्यांना आधार द्यावा लागतो.

असा एक आधार म्हणजे स्लीव्ह. आपण तिला बाही म्हणू. पोलादाचे दोन अर्धगोल तुकडे नळाभोवती घट्ट बसवून त्यांचे लांबीकडील सांधे वेल्ड करतात. टोके मोकळी ठेवली तर बाही नळाला केवळ फुगू देत नाही. टोकेही नळाला वेल्ड केली, तर नळ गळू लागला तरी आतील दाब ती पेलू शकते. मात्र मग सारी भिस्त त्या टोकांच्या वेल्डवर राहते.

एक उदाहरण घेऊ. नळाचा बाह्य व्यास ३२४ मिलिमीटर, जाडी ९.५ मिलिमीटर, दाब दर चौरस सेंटिमीटरला ४० किलो. परिघाच्या दिशेचा ताण सुमारे ६८० किलो येतो. जाडी ५ मिलिमीटर उरली की तोच जवळजवळ १,३०० होतो. नळ बाहीखाली आडवा तुटलाच, तर टोकाच्या वेल्डवर सुमारे ३३ टनांची ओढ येईल. वेल्डची बाजू ९ मिलिमीटर धरली, तर तिच्या गळ्यातील सरासरी ताण सुमारे ५१० किलो. आकडा दिलासा देणारा आहे. पण तो सरासरीचा आहे.

वेल्डच्या पायथ्याशी ताण एकवटतो. ओढ बाहीतून नळात जाताना थोडी बाजूला सरकते, त्यामुळे वाकही येतो. वेल्ड थंड होताना आकसते, आणि तो कोंडलेला ताण पोलादाच्या नमनमर्यादेपर्यंत जाऊ शकतो. नळ गरम आणि बाही थंड असेल, तर त्यात प्रसरणाच्या फरकाची भर पडते.

म्हणून आम्ही काही पथ्ये सांगतो. श्राव्यातीत ध्वनीने जाडी मोजून टोकांचे वेल्ड शाबूत धातूवरच घ्यावे. साडेसहा मिलिमीटरहून पातळ भिंतीला वेल्डिंग करताना भोक पडण्याचा धोका विशेष असतो. आतला वाहता द्रव वेल्डला झटकन थंड करून ठिसूळ बनवतो, म्हणून लो हायड्रोजन इलेक्ट्रोडच वापरावेत. आधी लांबीचे सांधे, मग एक टोक, आणि ते पुरे झाल्यावरच दुसरे. काम चालू असता दाब उतरवावा; पुढे दाब वाढला की बाही आपला वाटा उचलते. हायड्रोजनची भेग उशिरा उमटते, म्हणून तपासणीची घाई करू नये.

एवढे करूनही आतील झीज थांबत नाही. जपानमधील मिहामा वीजकेंद्रात ९ ऑगस्ट २००४ रोजी एक नळ फुटून पाच कामगार दगावले. मूळची १० मिलिमीटरची भिंत काही ठिकाणी १ मिलिमीटरहूनही कमी उरली होती. तपासणीच्या यादीत ती जागाच नव्हती. आपल्या सीतापुऱ्याच्या तेलसाठ्यात २९ ऑक्टोबर २००९ रोजी दोष वेल्डचा नव्हता. झडपेच्या उघड्या तोंडातून पेट्रोल सव्वा तास बाहेर पडत राहिले, वाफेच्या ढगाचा स्फोट झाला आणि अकरा जीव गेले. दाबाखालील द्रव एकदा मोकळा झाला की काय होते, हे या शहराने पाहिले आहे.

तेव्हा बाही चढविली म्हणजे नळ बरा झाला, असे कोणी समजू नये. ती मुदत वाढवून देते. त्या मुदतीत पुन्हा जाडी मोजणे आणि वेळीच नळ बदलणे, हे काम शिल्लकच राहते. आणि ते लांबणीवर टाकण्याचा अधिकार, आमच्या मते, कोणत्याही अभियंत्याला नाही.