ती परत गेली, पुढे काय?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीच्या आधारसेवा या विषयावर मी आज बोलावं, असं तुम्ही सुचवलंत. सेवांची यादी तुमच्यातल्या कितीतरी जणींना पाठ आहे. म्हणून ती थोडक्यात उरकते आणि आपण ज्यावर कमी बोलतो त्या प्रश्नाकडे वळते. केंद्रात येऊन, बोलून, अर्ज लिहून बाई पुन्हा त्याच घरी जाते, तेव्हा तिच्यासाठी कोणती सेवा उरते?

एम. एस. डब्ल्यू. होऊन मी या कामात आले, त्याला बारा वर्षं झाली. आमच्या केंद्रात येणाऱ्या बहुतेक जणी घरी परत जातात. मुलांची शाळा, माहेरची गरिबी, धाकट्या बहिणीचं लग्न, स्वतःच्या नावावर काहीच नसणं, अशी कारणं असतात. काहींचा नवऱ्यावर जीवही असतो. मग रजिस्टरमध्ये 'समझोता' असा शेरा पडतो आणि केस बंद होते. मार मात्र बंद झालेला असतोच असं नाही.

आधी थोडं मागं वळून पाहू. १९८० साली मथुरा प्रकरणाच्या निकालाविरुद्ध स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडाच्या मृत्यूनं मध्यमवर्गाची झोप उडवली. १९८३ साली कलम ४९८-अ आलं. १ जुलै २०२४ पासून तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, म्हणजे समाजकार्यकर्ती पोलिसांच्या इमारतीत जाऊन बसली. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' सुरू झालं, म्हणजे ती दवाखान्यात पोचली. २०१५ पासून एकाच छताखाली उपचार, समुपदेशन, पोलीस आणि कायद्याची मदत, थोड्या दिवसांचा निवारा देणारी 'सखी' वन स्टॉप सेंटर आली. दर वेळी सेवा बाईच्या एक पाऊल जवळ आली. पण तिच्या गल्लीत अजून आलेली नाही, आणि रात्री अकरा वाजता ती असते गल्लीतच.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुठेतरी मदत मागितली होती. ७७ टक्के जणी कुणाकडे मदत मागायला गेल्या नव्हत्या आणि कुणाशी बोलल्याही नव्हत्या. म्हणजे आपल्यापर्यंत पोचणारी बाई आधीच मोठा डोंगर चढून आलेली असते. तिला 'परत जायचं होतं तर आलीस कशाला?' असं विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कायदाही तसं विचारत नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो घर सोडलेल्या बाईसाठीच आहे, हा समज आपण खोडून काढला पाहिजे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी सामाईक घरात राहण्याचा तिला हक्क आहे. घरात राहूनही ती संरक्षणाचा आदेश मागू शकते. तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. न्यायालयानं समुपदेशनाला पाठवलं, तर 'तिनं उलट उत्तर दिलं म्हणून हात उचलला' असली कारणं सांगायला नवऱ्याला मुभा नाही, असं नियमच सांगतात. आपल्या मंडळांच्या बैठकांमध्ये मात्र अर्धा वेळ बाईच्या स्वभावावर चर्चा चालते. ती थांबली पाहिजे.

तर परत गेलेल्या बाईसाठी गटानं काय करायचं?

एक, जाण्याआधी तिच्याशी एकटीशी बोलायचं. त्यानं कधी गळा दाबला आहे का, हत्यार किंवा रॉकेल घेऊन धमकावलं आहे का, गरोदरपणी मारलं आहे का, हे स्पष्ट विचारायचं. उत्तर हो असेल तर जिवाला धोका आहे हे तिला सांगायचं आणि आधी निवाऱ्याचा विचार करायचा. तरीही निर्णय तिचाच.

दोन, कागद. आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक यांच्या झेरॉक्स, थोडे पैसे आणि एक जोडी कपडे तिच्या विश्वासातल्या घरी ठेवायचे.

तीन, नोंद. दवाखान्यात 'पडले' असं न सांगता मारहाण झाली असं सांगायला तिला बळ द्यायचं आणि केसपेपर जपून ठेवायचा. संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल, म्हणजे डीआयआर, भरून ठेवता येतो. आज खटला करायचा नसला तरी ती नोंद उद्या उपयोगी पडते. वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावं. स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता तिथं मोफत मदत मिळते.

चार, येणं-जाणं. आमच्या भागातल्या एका बचत गटानं साधी गोष्ट केली. परत गेलेल्या बाईच्या घरी दर आठवड्याला हप्त्याच्या निमित्तानं दोघी जायच्या. नवऱ्याला उपदेश नाही, चौकशी नाही. चहा प्यायच्या आणि यायच्या. बायको एकटी नाही, हे त्याला न सांगता कळलं. पाचव्या महिन्यात त्यानं हात उगारला, तेव्हा तिनं ठरलेल्या घरी मुलीला 'दळण झालं का' विचारायला पाठवलं. ही खूण होती. दहा मिनिटांत सहा बायका दारात उभ्या होत्या आणि एकीनं पोलिसांना फोन लावला होता. त्या रात्रीनंतर तिनं संरक्षणाच्या आदेशासाठी अर्ज केला. आजही ती त्याच घरात राहते, पण आदेश हातात घेऊन.

कुणी म्हणेल, दुसऱ्याच्या घरात पडणाऱ्या तुम्ही कोण? हिंसा होते आहे किंवा होणार आहे असं वाटलं, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. सद्‌भावनेनं कळवणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही, असं या कायद्याचं चौथं कलमच सांगतं.

मात्र एकटीनं धावू नका, आणि तिची गोष्ट नळावर किंवा मोबाईलच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. तिचा विश्वास उडाला तर दुसऱ्यांदा ती येणार नाही.

शेवटी एकच मागणं आहे. आज गावी परतल्यावर आपापल्या गटाची वही उघडा. 'समझोता' म्हणून बंद केलेली नावं काढा आणि प्रत्येक नावापुढे लिहा : शेवटची भेट कधी, कोण गेलं होतं, पुन्हा कोण जाणार. जिथे रकाना रिकामा राहील, तिथून पुढच्या आठवड्याच्या कामाला सुरुवात करा.