दाद मागण्याची वाट



प्रशासकीय विधीच्या विचारासाठी भरलेल्या या परिषदेस आपण पक्षकारांची आणि कचेरीची कामे बाजूस ठेवून, दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुंबईस आलात, याबद्दल स्वागतसमितीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

ज्या मुंबई इलाख्यात १८७६ च्या कायद्याने जमीन महसुलाच्या बहुतेक तंट्यांपुरती दिवाणी अदालतींची दारे बंद झाली आणि आकारणीविरुद्धची कैफियत रयतेला महसूल खात्याच्याच वरिष्ठांपुढे मांडावी लागली, त्याच इलाख्यात १९३९ च्या कायद्याने महसूल न्यायाधिकरणाची तजवीज झाली, आणि १९५० साली संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाने सरकारी हुकमाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात दाद मागण्याची वाट सर्वांना मोकळी केली. हुकूम देणाऱ्याने आधी ऐकावे व मग कारण सांगावे, हेच या वाटचालीचे सार होय.

१९६९ च्या क्रैपक खटल्यात जम्मू-काश्मीरच्या वनाधिकाऱ्यांची निवड करणाऱ्या मंडळावर एक उमेदवारच सदस्य होता. स्वतःच्या नावाचा विचार होताना तो बाजूस राहिला खरा, परंतु प्रतिस्पर्ध्यांची योग्यता तोलताना तो आसनस्थ होता. सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली, आणि केवळ प्रशासकीय म्हणविणाऱ्या कामासही नैसर्गिक न्यायाचे बंधन आहे, हे निःसंदिग्धपणे सांगितले.

पुढे १९९२ मध्ये रोखे बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीला वैधानिक अधिकार मिळाले, १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण आले आणि १९९९ मध्ये महाराष्ट्राचा वीज नियामक आयोग. नियम करणे, चौकशी करणे आणि दंड ठोठावणे या तिन्ही सत्ता सेबीसारख्या एकाच संस्थेच्या हाती आल्या, म्हणूनच तिच्या निर्णयावर अपील ऐकणारे स्वतंत्र न्यायाधिकरण अगत्याचे ठरले. वीजदराच्या जाहीर सुनावणीत एखादा यंत्रमागधारक आपले बिल हाती धरून हरकत नोंदवतो, तेव्हा १८७६ साली बंद झालेले दार किंचित उघडल्याचे समाधान मला लाभते.

परंतु तालुक्याच्या कचेरीत सातबाऱ्याचा उतारा घेऊन दिवसभर तिष्ठणाऱ्या शेतकऱ्याच्या अर्जावर आजही ‘नामंजूर’ एवढाच शेरा पडतो. येथे जमलेल्या प्रत्येक अधिकाऱ्यास आणि वकिलास माझी कळकळीची विनंती आहे, की त्या शेऱ्याखाली कारणाची एक ओळ लिहिली जावी, आणि ती लिहिली गेली नसेल तर ती मागितली जावी.